विस्तव घरी ठेवून

"थांबा. इथून पुढं यायचं नाही," मी म्हणालो आणि हात आडवा केला.

अकरा बाया होत्या. कुणाच्या डोक्यावर टोपली, कुणाच्या कडेवर घागर. सगळ्यांत पुढं साठीच्या पलीकडची एक काटक म्हातारी होती, तिच्या डोक्यावर तेलाचा जुना पत्र्याचा डबा होता. ती थांबली खरी, पण माझ्या हाताकडं तिनं पाहिलंसुद्धा नाही. तिला तिथंच थांबायचं होतं. गावची शीव संपून सरकारी जंगल सुरू होतं तिथं चुना लावलेला हद्दीचा दगड आहे. त्या दगडापाशी तिनं डबा उतरवला, झाकण काढलं, बांगड्या मागं सारल्या आणि उजवा हात कोपरापर्यंत आत घातला.

डब्यात राख होती. काठोकाठ. म्हातारीनं त्या राखेत हात सगळीकडून फिरवला, तळाशी नेला, कोपरे चाचपले. मग बाहेर काढून तो करडा हात आधी मागच्या बायांना दाखवला आणि नंतर मला.

"चला," ती म्हणाली.

मला वाटलं, असेल यांची काही पूजाबिजा. चाळीस वर्षं झाली त्या गोष्टीला. तेव्हा मी चोवीस वर्षांचा होतो आणि जंगलातलं मला सगळं कळतं असं समजत होतो. वास्तविक मी साताऱ्याकडच्या माण तालुक्यातला. आमच्याकडं सावलीला उभं राहायचं तर बाभूळ शोधावी लागते आणि ती सापडलीच तर तिच्याखाली आधीच चार शेळ्या बसलेल्या असतात. असा मी, सदाशिव गलांडे, जंगल राखायला भंडाऱ्याकडं वाकडपार नावाच्या गावी गेलो. वनरक्षक म्हणून. तिकडं त्याला नाकेदार म्हणतात. नोकरी कच्ची होती, रुजू होऊन दीड महिना झाला होता आणि घरी आई नि दोन बहिणी माझ्या पगारावर डोळे लावून बसल्या होत्या.

आदल्याच दिवशी आमच्या रेंजर साहेबांनी, वझलवार साहेबांनी, मला बोलावून सांगितलं होतं, "गलांडे, उद्या कोसमडोहावर गावातलं चिटपाखरू दिसता कामा नये. उन्हाळ्यात जंगलात विस्तव नेणं गुन्हा आहे, ठाऊक आहे ना? या बाया दरवर्षी तिथं जाऊन रोडगे करतात. जगरा पेटवतात. एक दिवस अख्खं जंगल जाळतील. उद्या तिथं धूर दिसला, तर तुझी नोकरी गेली म्हणून समज."

रोडगे काय ते मला त्या वेळी ठाऊक नव्हतं. जाडसर गव्हाचं पीठ तेलाचं मोहन घालून मळायचं, त्याचे गोळे पळसाच्या पानात गुंडाळायचे आणि पेटत्या गोवऱ्यांच्या रसरशीत निखाऱ्यात पुरून भाजायचे. त्या गोवऱ्यांच्या आगीला म्हणतात जगरा. पण विस्तव आणि वाळलेली पानं एकत्र आली की काय होतं हे मला माणमध्येही कळत होतं. साहेबांचं म्हणणं मला शंभर टक्के पटलं होतं, हे आधीच सांगून टाकतो.

"आजी, ऐकू आलं नाही का? डोह बंद आहे."

"कोनं बंद केला?"

"सरकारनं."

"सरकार कदी आलतं इथं? मले भेटलं नाई." म्हातारीनं डबा पुन्हा डोक्यावर घेतला. "तू नवा नाकेदार ना? आयक. उद्यापासून तेंदूची फळी लागते. उद्या पहाटे तीनले उठून पानं तोडायले जायाचं, दुपारी मोजून द्यायाचं, रातच्याले मुडके बांधायाचे. महिनाभर पाठ सरळ होत नाई. आजचा येक दिवस आमचा असते. सालभरात येकच. तो मी सोडत नसतो."

मुडके म्हणजे बिडीच्या पानांच्या जुड्या आणि फळी म्हणजे त्या मोजून विकत घेण्याचा तळ. ती स्वतःबद्दल बोलताना मधूनच पुरुषासारखं बोलायची, हे मला नंतर सवयीचं झालं. नाव भिवराबाई शेंडे.

"मी गुन्हा दाखल करीन," मी म्हणालो.

"कर ना. माहं नाव लिव्ह. ते लिवून होतपर्यंत आमी डोहावर पोचतो. उनात उभा राहू नको, तुह्या डोक्यावर झाड नाई."

आणि त्या चालू लागल्या. अकरा बायांना एका हातानं अडवता येत नाही. दोन हातांनीही येत नाही, मी करून पाहिलं. शेवटची बाई, भिवराबाईची सून इंदू, माझ्या अगदी जवळून जाताना म्हणाली, "नाकेदार, तुमच्या गावी झाडंच नसतात म्हन्ते. खरं हाये का जी?" पुढच्या सगळ्या हसल्या. मी चरफडत त्यांच्या मागून निघालो. वरातीमागून घोडं.

कोसमडोह मी तोवर फक्त नकाशावर पाहिला होता. नदी तिथं कोरडी ठणठणीत होती, नुसती वाळू आणि दगड, पण एका वळणाला कातळाखाली हिरवंगार पाणी साठलेलं होतं आणि त्यावर कोसमाची नि जांभळीची अशी दाट सावली की बाहेर रणरणतं ऊन आहे हे खोटं वाटावं. बायांनी टोपल्या कातळावर ठेवल्या, लुगडी गुडघ्यापर्यंत खोचली आणि पाण्यात पाय सोडून ओळीनं बसल्या. नुसता एक मोठा सुस्कारा ऐकू आला, अकराजणींचा मिळून.

मी मात्र कामाला लागलो. "टोपल्या दाखवा. काडीपेटी कुणाकडं आहे?"

इंदूनं कमरेची चंची सोडून कातळावर उलटी केली. "तंबाखू हाये, चुना हाये, सुपारी हाये. काडीपेटी नाई. ह्या पारबताकाकूले पुसा. दिवसाले अठरा बिड्या वढते. आज सकाळपासून येक नाई. तिचं तोंड पाहा कसं झालं."

पारबताकाकूचं तोंड खरंच एरंडेल प्यायल्यासारखं झालं होतं. टोपल्यांत वांग्याची भाजी होती, कांदे होते, चिंचेचं सार होतं. गोवरी एकसुद्धा नव्हती.

"मग रोडगे कशावर भाजणार?"

"भाजून आनले," भिवराबाई म्हणाली. "पहाटे, माह्या अंगनात. विस्तव घरी ठेवून आलो."

तिनं राखेत हात घालून एक रोडगा काढला. पळसाचं पान करपून काळं झालं होतं. तिनं तो पदरावर आपटून राख झाडली, पान सोलून काढलं आणि दोन हातांनी फोडला. आतून वाफ निघाली. राखेतच ठेवून आणल्यामुळं तो तीन तासांनंतरही गरम होता. हा गोड रोडगा होता. मोहफुलं शिजवून, वाटून पिठात घातलेली आणि मधोमध चारोळ्या. असा वास मी जन्मात घेतला नव्हता. सकाळपासून माझ्या पोटात फक्त चहा होता.

"खा."

"मी ड्यूटीवर आहे."

"ड्यूटीले पोट नसते का?"

मी खाल्ला नाही. लांब एका दगडावर तोंड फिरवून बसलो. मनातून मला स्वतःचा राग येत होता आणि तो मी त्यांच्यावर काढत होतो. इकडं बायांची दुपार रंगात आली. कुणी टेंभरं, म्हणजे तेंदूची फळं, पाडून आणली, कुणी पाण्यात उतरून दुसरीवर पाणी उडवलं, पारबताकाकू वाळूत आडवी होऊन घोरायला लागली. दोघी जांभळीच्या फांदीला लुगडं बांधून त्यावर झोके घेत होत्या, आणि त्यातली एक आजी होती. उद्या पहाटे तीनला उठायचं आहे हे त्यांच्याकडं पाहून कुणाला खरं वाटलं नसतं.

भिवराबाई एकटीच हसत नव्हती. ती कातळाच्या टोकावर बसून वाऱ्याकडं तोंड करून होती. आणि एकाएकी ती उठून उभी राहिली.

"धूर," ती म्हणाली.

मी तडक उठलो. सापडल्या एकदाच्या, असं पहिल्यांदा मनात आलं, खोटं कशाला बोलू. मग लक्षात आलं, अकराच्या अकरा तर समोर आहेत. पुढचं मी आजही विसरलेलो नाही. झोका थांबला. झोपलेली पारबताकाकू उठली. कुणी ओरडलं नाही, कुणी कुणाला काही सांगितलं नाही. मी खिशातली शिट्टी शोधेपर्यंत प्रत्येकीच्या हातात हिरव्या पानांची मोडलेली फांदी होती. दोघींनी घागरी भरून घेतल्या. भिवराबाईनं तो राखेचा डबा उचलला. एवढ्या घाईत तो कशाला, ते मला समजलं नाही.

धूर डोहाच्या वरच्या वळणावरून येत होता. आम्ही धावलो.

तिथं आमच्याच खात्याची जीप उभी होती. साजाच्या, म्हणजे ऐनाच्या, झाडाखाली सतरंजी, सतरंजीवर वझलवार साहेब, त्यांचे मेहुणे आणि मेहुण्यांचे तीन दोस्त. बाजूला तीन दगडांची चूल धडधडून पेटलेली आणि तिच्यावर कोंबडीचं पातेलं. चुलीपासून चार हातांवर घोट्याएवढा वाळल्या पानांचा थर.

साहेबांनी आधी बाया पाहिल्या, मग मला.

"गलांडे, तुला काय सांगितलं होतं? गावातलं कुणी दिसता कामा नये म्हणून बजावलं होतं ना?"

तेव्हा कुठं माझ्या डोक्यात उजेड पडला. मला धूर राखायला नाही, साहेबांची जेवणावळ राखायला उभं केलं होतं. चोर सोडून संन्याशाला सुळी, आणि सुळी धरायला मी.

"साहेब, धूर दिसला म्हणून..." मी चाचरलो.

"धूर माझ्या देखरेखीखाली आहे. तू यांचा पंचनामा कर. तो डबा काय आहे? राख? राख म्हणजे विस्तव. जंगलात विस्तव आणला म्हणून गुन्हा नोंदव आणि हाकलून दे सगळ्यांना. पुन्हा या डोहावर पाय ठेवणार नाहीत असं लिहून घे."

बाया माझ्याकडं बघत होत्या. त्या दिवसावर त्यांचा कुठला कागद नव्हता. होती ती फक्त वहिवाट, आणि ती आता माझ्या एका सहीवर येऊन ठेपली होती.

भिवराबाई पुढं आली. तिनं डबा माझ्या आणि साहेबांच्या मधोमध ठेवला, झाकण काढलं.

"घाल हात, नाकेदार."

मी बाही वर केली आणि हात घातला. राख मऊ होती, चाळलेल्या पिठासारखी, आणि कोमट. मी तळापर्यंत गेलो. कोपरे चाचपले, तिनं सकाळी चाचपले होते तसेच. सकाळचा तो हात आता मला कळला. बोटांना चार-पाच रोडगे लागले. निखारा नव्हता, ठिणगीसुद्धा नव्हती.

"विस्तव नाही, साहेब," मी म्हणालो.

"आमच्या राखेत आमी हात घातला," भिवराबाई साहेबांना म्हणाली, अगदी शांतपणे. "आता तुमच्या राखेत तुमी घाला."

मेहुणे हसायला लागले होते, ते मध्येच थांबले. चुलीतले लाकडाचे निखारे लालबुंद दिसत होते.

"बाई, तू कुणाशी बोलतेस कळतं का तुला?"

"कळते. जंगलाच्या साहेबासंगं बोलून रायली. दुसऱ्या कोनाले कायले म्हटलं असतं?"

साहेब उत्तर देणार, तेवढ्यात वाऱ्याची एक झुळूक आली. उन्हाळ्यात दुपारी येते तशी, तापलेली आणि तिरकी. चुलीतून चार ठिणग्या उडाल्या आणि पानांत पडल्या. पानांनी पेट कसा घेतो ते मी तोवर पाहिलं नव्हतं. आवाजच येतो आधी, कुणी कागद चुरगाळावा तसा. पाहता पाहता सतरंजीएवढी जागा पेटली. पाहुणे जीपकडं पळाले. एकाची चप्पल तिथंच राहिली. साहेब जागेवरून "अरे, अरे" करत राहिले.

बाया पळाल्या नाहीत. त्यांनी आगीला वेढा घातला, वाऱ्याच्या बाजूनं सहाजणी, उरलेल्या दोन्ही अंगांना, आणि फांद्यांनी ती झोडपून काढली. मीही एक फांदी मोडून घेतली होती, पण ती वाळकी होती. ती माझ्या हातातच पेटली, तेव्हा इंदूनं ती हिसकावून वाळूत फेकली आणि मला हिरवी दिली. घागरी रिकाम्या झाल्या तरी चूल पुरती विझेना, तेव्हा इंदूनं पदरात धरून कोंबडीचं पातेलंच उचललं आणि चुलीवर पालथं केलं.

चूल विझली. सगळं मिळून पाच मिनिटांत संपलं. जागा काळी झाली होती आणि कोंबडीच्या रश्श्याचा वास सुटला होता.

"मसाला बरा होता," इंदू म्हणाली.

मी खिशातून गुन्ह्याचं पुस्तक काढलं. भीती वाटत होती. मला आई दिसत होती, बहिणी दिसत होत्या. पण त्या क्षणी मला सगळ्यांत जास्त लाज वाटत होती ती सकाळी आडव्या केलेल्या हाताची. मी साहेबांच्या मेहुण्यांकडं गेलो.

"आपलं पूर्ण नाव सांगा."

"गलांडे, विचार कर," साहेब म्हणाले. "पुढं लांबची वाट आहे तुझी."

"केला, साहेब. नाव सांगा."

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. पण मी लिहिलं. ठिकाण, वेळ, विस्तव कुणी पेटवला, कुणाच्या हजेरीत, किती जागा जळाली, कुणी विझवली. पंच म्हणून सही कोण करणार, असं विचारायच्या आत भिवराबाई अंगठा पुढं करून उभी होती. शाईचा डबा माझ्याजवळ नव्हता. तिनं अंगठा राखेत बुडवला आणि कागदावर टेकवला. राखेचा अंगठा, पण स्वच्छ उठला.

जीप निघून गेली. आम्ही डोहावर परत आलो. आता मला रोडगा दिला तेव्हा मी ड्यूटीचं नाव काढलं नाही. दोन खाल्ले, तिसरा मागून घेतला. मोहाचा गोडवा, चारोळी आणि कडेला करपलेल्या पळसपानाची जराशी कडसर चव. आईशप्पथ, त्यानंतर बेकरीचा केक मला कधी गोड लागला नाही.

भिवराबाई डबा धुवायला पाण्याकडं गेली होती. मी इंदूला विचारलं, "रोडगे तर जगऱ्यावरून काढून गरम गरम खायचे असतात म्हणे. मग तुम्ही एवढ्या लांब राखेत घालून का आणता? साहेब तर म्हणाले होते, तुम्ही इथंच जगरा पेटवता."

"पूर्वी इथंच पेटवत होते," इंदू म्हणाली. मग तिनं आवाज उतरवला. "माहा सासरा आग पहारेकरी होता, तुमच्याच खात्यात. अठ्ठावीस वर्षं झाली. बाया रोडगे खाऊन घरी गेल्या. जगऱ्यावर राख टाकून, विझला म्हनून. तो विझला नोता. सांजच्याले वारा सुटला. तो येकटा विझवायले गेला." तिनं वळणाच्या दिशेनं हनुवटी केली. "थ्या साजापाशी सापडला. तो जगरा सासूनंच झाकला होता, आपल्या हातानं. तवापासून विस्तव शिवेच्या आत येत नाई. आन हात तीच घालते, दुसऱ्या कोनाले घालू देत नाई, डबाबी नजरेआड करत नाई. आज तुमालेच पयल्यांदा घालू देल्ला."

सरकारनं बंदीचा कागद काढण्याच्या कितीतरी आधीपासून या बाया ती बंदी पाळत होत्या, आणि मी त्यांना ती शिकवायला निघालो होतो.

भिवराबाई परत आली तेव्हा मला राहवलं नाही. "आजी, हे साहेबांना का नाही सांगितलं? सकाळी मला का नाही सांगितलं? मी अडवलंच नसतं."

तिनं धुतलेला डबा उन्हात पालथा घातला.

"तुले दया आली असती. मंग तू सोडलं असतं. मले दयेवर नाई जायाचं डोहावर. जंगल का तुह्या साहेबाच्या बापाचं हाये? जसं त्याचं तसं माहं. माह्या मानसाचं नाव घेऊन मी वाट मागत नसतो."

मी उठून रिकाम्या घागरी भरायला घेतल्या.

आठव्या दिवशी माझी बदली झाली, पार गडचिरोलीच्या टोकाला. नोकरी गेली नाही. तो कागद वरपर्यंत गेला होता आणि राखेच्या अंगठ्याचं काय करायचं हे बहुधा कुणाला सुचलं नसावं. त्याचं पुढं काय झालं मला कुणी सांगितलं नाही. मी विचारलंही नाही.

पुढच्या वैशाखात मी तीन दिवसांची रजा काढली. दोन एसट्या बदलून, एक रात्र स्टँडवर काढून, फळी लागायच्या आदल्या सकाळी वाकडपारला पोचलो. अंगावर खाकी नव्हती, साधा सदरा होता. बाया निघालेल्याच होत्या. मी मुकाट्यानं त्यांच्या मागं चालू लागलो. इंदूनं फक्त डोक्यावरची टोपली उतरवून माझ्या डोक्यावर दिली.

हद्दीच्या दगडापाशी नवा नाकेदार उभा होता. कोवळा पोरगा, कडक इस्त्रीचा. त्यानं हात आडवा केला.

"थांबा. पुढं जायचं नाही. डब्यात काय आहे?"

भिवराबाईनं डबा उतरवला, झाकण काढलं. बांगड्या मागं सारता सारता ती थांबली. वर्षभरात तिचा हात थोडा कापायला लागला होता. तिनं माझ्याकडं पाहिलं.

"यंदा तू घाल," ती म्हणाली.

मी टोपली खाली ठेवली, बाही वर केली आणि कोपरापर्यंत हात घातला. घाई केली नाही. तळ चाचपला, चारी कोपरे पाहिले. मग तो हात आधी बायांना दाखवला आणि नंतर त्या पोराला.

"विस्तव घरी ठेवून आलोत," मी म्हणालो. "चला."